उसन्या तोंडाचा कासार

एक होतं नगर. नगरात एक राजा होता, पण आजची गोष्ट त्याची नव्हे. त्याला बसू दे सिंहासनावर. आजची गोष्ट त्याच नगरातल्या रत्नोजी कासाराची. कासार म्हणजे बायकांच्या हातात बांगड्या भरणारा, बरं का. पांघरुणं नीट घ्या आणि ऐका.

रत्नोजीचं दुकान ऐन पेठेत होतं. दुकानामागे काचेची भट्टी. त्या भट्टीतून तो अशा बांगड्या काढी, की मनगटावर उन्हाची तिरीप पडल्यासारखं वाटावं. मोरपिशी म्हणू नका, डाळिंबी म्हणू नका, सगळे रंग त्याच्या दुकानात. हात तर इतका हलका, की घट्टातली घट्ट बांगडी चढवली तरी पोरीच्या तोंडून 'आई गं' निघू नये. अशा गुणी माणसाने सुखात असावं की नाही? पण रत्नोजी सुखात नव्हता. रत्नोजीला एक चुलतभाऊ होता.

चुलतभावाचं नाव धोंडू. तोही कासारच. त्याच्या बांगड्या साध्या, हिरव्या नाहीतर लाल. एखादी जराशी वाकडीसुद्धा. त्याला दुकान नाही, भट्टी नाही. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकायच्या, तराफ्यावर बसून नदी ओलांडायची आणि पलीकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर जायचं. दर बुधवारी. ऊन असो, पाऊस असो, पायात काटा मोडलेला असो. सूर्य माथ्यावरून कलला, की चिमाईच्या अंगणात धोंडू हजर. चिमाई म्हणजे वाडीतली सगळ्यांत थोरली म्हातारी.

त्या वाड्यांची एक रीत होती. बाईच्या हातातली बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. आणि वाढली, की मोकळ्या मनगटाला हळदीत भिजवलेला दोरा बांधायचा. दोरा बांधलेली बाई म्हणजे कासाराची वाट पाहणारी बाई. इतर गावांच्या बायका चार बांगड्या जास्तीच्या घेऊन डब्यात जपून ठेवत. या वाड्यांत कुणी ठेवत नसे. कशाला ठेवायच्या? बुधवारी धोंडू येणारच होता.

पूर्वी रत्नोजीही अधूनमधून तिकडे जाई. निघताना मोठ्या तोंडाने म्हणे, "पुढच्या बुधवारी येतो हं!" मग बुधवारी दुकानात बडं गिऱ्हाईक येई. नाहीतर आभाळ भरून येई. नाहीतर नुसता कंटाळा येई. बुधवार निघून जाई आणि बायकांच्या मनगटांवरचे दोरे तसेच राहत.

मग एकदा काय झालं, रत्नोजी नदीच्या घाटावर हातपाय धुवत होता. शेजारी डोंगरातल्या दोघी बायका टोपल्या उतरवून बसल्या होत्या. एकीने विचारलं, "आज वार कोणता गं, येसा?"

येसा म्हणजे वाडीतली सगळ्यांत तिखट जिभेची. ती म्हणाली, "विसरलीस होय? उद्या धोंडूवार."

रत्नोजीचे कान टवकारले. "कोणता वार म्हणालात?"

"बुधवार हो, शेठ," येसा हसली. "पण आमच्याकडे त्याला बुधवार कोण म्हणतं? पोरंसुद्धा सोमवार, मंगळवार, धोंडूवार असंच मोजतात."

झालं! काचेच्या कामात कधीकधी बोटात बारीकसं कुसळ जातं. दिसत नाही, निघत नाही. पण कशालाही हात लावला, की सलतं. तसं ते नाव रत्नोजीच्या काळजात शिरलं. जेवायला बसला, सललं. दुकान उघडलं, सललं. सोमवार शंकराचा, शनिवार मारुतीचा, आणि एक अख्खा वार त्या वाकड्या बांगड्यांच्या धोंड्याचा! आणि आपल्या नावाची साधी गल्लीसुद्धा नाही!

मग रत्नोजी भट्टीपुढे जाऊन बसला. त्या भट्टीत जाळाई राहत असे. जाळाई म्हणजे विस्तवाची देवी. त्या घराण्यातल्या माणसाने हाक मारली, की ती निखाऱ्यांतून डोकं वर काढी आणि मागेल ते देई. मात्र जन्मात तीनदाच.

"काय पाहिजे, रे?" जाळाईने विचारलं.

"वाड्यांवर धोंडूचा जो मान आहे, तो मला पाहिजे."

"तो माझ्याकडे नाही. माझ्याकडे असेल ते माग."

रत्नोजीने विचार केला. आपल्या बांगड्या चांगल्या आहेतच, पण आणखी चांगल्या झाल्या तर? मग त्याने मागितलं, "मला गाणाऱ्या बांगड्या दे."

जाळाईने फुंकर मारली आणि भट्टीतून गाणाऱ्या बांगड्या निघाल्या. बुधवारी रत्नोजी त्या घेऊन वाडीवर गेला. बायकांची झुंबड उडाली. येसाने दोन्ही हात भरून घेतले. ती दळायला बसली तर बांगड्या ओवी म्हणू लागल्या. पाणी भरायला गेली तर झऱ्याच्या सुरात सूर मिळवू लागल्या. सगळी वाडी तिच्या मागे मागे!

"पुढच्या बुधवारी सगळ्यांसाठी आणतो," रत्नोजी म्हणाला.

पण पुढच्या बुधवारी राजाचा सेनापती गाणाऱ्या बांगड्या पाहायला दुकानात आला. आता सेनापतीला सोडून डोंगर कोण चढतो? रत्नोजी गेला नाही. इकडे येसाच्या बांगड्या शेणी थापताना वाढल्या. तिने दोरा बांधला. मग धोंडू आला आणि त्याने तिच्या हातात साध्या हिरव्या बांगड्या भरल्या.

"या गात नाहीत हो, येसाताई," धोंडू ओशाळून म्हणाला.

"नको गाऊ देत. गाणाऱ्यांचा धनी कुठे उलथलाय कोण जाणे!"

हे बोलणं फिरत फिरत रत्नोजीच्या कानावर आलं. त्याला आपला चुकलेला बुधवार आठवला का? छे! तो म्हणाला, "दोष वाटेचा आहे. वाट लांब आहे म्हणून मी मागे पडतो." मग तो पुन्हा भट्टीपुढे बसला आणि त्याने धुराचा घोडा मागितला.

धुराचा घोडा म्हणजे काय विचारता! टाच मारली की नदीपार, लगाम ओढला की डोंगरमाथा. बुधवारी रत्नोजी निघाला तो उजाडण्यापूर्वीच चिमाईच्या अंगणात उतरला. कोंबडा आरवला नव्हता. कुत्री भुंकू लागली, तान्ही पोरं दचकून रडू लागली. चिमाई काठी टेकत बाहेर आली.

"कोण मेलंय, रे?" तिने घाबरून विचारलं.

"कुणी नाही, चिमाई. मी रत्नोजी. धोंडूच्या आधी आलो!"

"अरे बाबा, माणूस अवेळी दारात येतो तो वाईट बातमी घेऊन येतो. लवकर येणं निराळं आणि वेळेवर येणं निराळं. जा, झोपू दे लेकरांना."

मग पुढच्या बुधवारी रत्नोजी उशिरा निघाला, तर बायका शेतावर गेलेल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी उशिरा निघाला, तर धोंडू मधोमध पाटावर बसलेला, आणि भोवती हे एवढं हास्यविनोदाचं रिंगण. कुंपणाआडून रत्नोजीने पाहिलं. एक बाई धोंडूला ताक देत होती. एक त्याच्या पायातला काटा सुईने काढत होती. आणि त्या वाकड्या बांगड्या भरून घेऊन प्रत्येक बाई त्याला वाकून नमस्कार करत होती. भरल्या हाताने कासाराला नमस्कार करायचा असतो ना, तसा. रत्नोजीने डोळे मिटून घेतले, पण मिटल्या डोळ्यांपुढेही तेच अंगण दिसत राहिलं.

मग तो तिसऱ्यांदा भट्टीपुढे बसला. आता त्याच्या तोंडावर भट्टीचा उजेड पडला होता, की आतल्या आगीचा, हे सांगणं कठीण.

"जाळाई, मला धोंडूचं तोंड दे."

जाळाईने त्याला निखाऱ्यांतून निरखून पाहिलं. मग म्हणाली, "त्या तोंडाला तू भाळलास, बाळा? बरं, घे."

तिने तापली काच त्याच्या चेहऱ्यावरून फिरवली. भाजलं नाही, पण रत्नोजीने आरशात पाहिलं तर आतून धोंडू बघत होता. तेच बसकं नाक, तेच पडके दात, तोच आवाज.

आणि मग रत्नोजीने एक वाईट काम केलं. बुधवारी सकाळी तो नदीवर गेला आणि धोंडूच्या तराफ्याचा दोर सोडून दिला. तराफा वाहत गेला. रत्नोजी धुराच्या घोड्यावरून पलीकडे उतरला, घोडा झाडीत सोडला आणि सूर्य माथ्यावरून कलताना चिमाईच्या अंगणात शिरला.

"आले, आले! धोंडूदादा आले!"

अशी हाक रत्नोजीला उभ्या जन्मात कुणी घातली नव्हती. पोरं पायांना बिलगली. ताकाचा तांब्या आला. चिमाईने विचारलं, "गुडघा कसा आहे रे, बाबा?" येसासारखी येसा, तिनेसुद्धा पाट पदराने पुसून मांडला. रत्नोजीला वाटलं, जिंकलो! ताक तोंडाला लावलं. गोड होतं. आणि त्याच घोटात त्याला समजलं, की हे ताक धोंडूचं आहे. हा पाट धोंडूचा, ही हाक धोंडूची. आपण स्वतःच्याच तोंडावर बसलेल्या त्या बसक्या नाकाचा हेवा करतो आहोत! बाळांनो, दुसऱ्याचा हेवा करणारे पुष्कळ असतात. पण आपल्याच चेहऱ्याचा हेवा करणारा हा एकच.

त्याने बायकांचे हात भरले. सुंदर भरले. मग सूर्य बुडायला आला, आणि अंगणाच्या तोंडाशी चिंब भिजलेला, धापा टाकणारा दुसरा धोंडू उभा राहिला. डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं घट्ट बांधलेलं. तराफा सापडला नाही म्हणून बिचारा नदी पोहून आला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाडी दोघांकडे पाहू लागली.

"हा कोण?" भिजलेला धोंडू म्हणाला.

"हा कोण?" कोरडा धोंडू म्हणाला.

येसा कमरेवर हात ठेवून पुढे झाली. आणि तिने काय करावं? भिजलेल्याला ती म्हणाली, "आमचा धोंडूदादा आजवर कधी उशिरा आला नाही. तूच तोतया! चल, नीघ इथून!"

खऱ्या धोंडूचा चेहरा असा पडला, की बघवेना. ज्या वेळेवर येण्याने त्याचं नाव झालं, तेच त्याच्यावर उलटलं. रत्नोजीला आनंद झाला, बरं का. खोटं कशाला सांगू? उकळत्या काचेसारखा आनंद झाला.

पण चिमाई म्हणाली, "थांबा. तोंडं सारखी, आवाज सारखा. देवाची चाल आहे की भुताची, मला ठाऊक नाही. पण धोंडू म्हणजे काही नाक-डोळे नव्हेत. धोंडू म्हणजे दर बुधवारी येणारा. दोघेही या. ज्याचा बुधवार चुकेल, तो खोटा."

मग सुरू झाली शर्यत. दोन धोंडू, दोन पाट, अंगण एक.

खऱ्या धोंडूने नवा तराफा बांधला. रत्नोजीने धुराच्या घोड्याला हाक मारली, तर घोडा वाऱ्याने विरून गेलेला. मग तोही पायी निघाला. पायाला फोड आले. एका बुधवारी नदीला पूर आला. दोघेही एकाच झाडाच्या ओंडक्याला धरून पार झाले, आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. पेठेत तो तोंडाला उपरणं गुंडाळून वावरे. तिथे एका बुधवारी राणीचं बोलावणं आलं. राणीचं, बरं का! पूर्वीचा रत्नोजी नाचत गेला असता. आता तो मनाशी म्हणाला, 'मी राणीकडे गेलो, तर तो एकटा तिकडे ताक पीत बसेल!' आणि त्याने राणीला निरोप पाठवला, की बुधवारी जमणार नाही.

येत होता तो मत्सरानेच. पण येत होता. आणि नेमाने येणाऱ्याला जे कळतं ते त्याला आपोआप कळत गेलं. कुणाच्या हाताचं माप काय, कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या मनगटाला जखम आहे म्हणून तिथे जपून दाबायचं. बायका त्याला काम सांगू लागल्या: "येताना सुई आणा." "माझ्या भावाला एवढा निरोप द्या." तो सुई आणी, निरोप देई. अर्ध्या बायका त्याच्या पाटापुढे बसत, अर्ध्या दुसऱ्याच्या. आणि सगळ्या म्हणत, "धोंडूदादा, येते हं."

धोंडूदादा! भर रस्त्यात तो हे नाव आठवून दातओठ खाई. फोड माझ्या पायाला. पूर मी ओलांडला. राणी मी सोडली. आणि नाव त्याचं!

मग एका बुधवारी काय झालं, खरा धोंडू आलाच नाही. सूर्य कलला, सावल्या लांबल्या, दुसरा पाट रिकामाच. वाडीवर येताना रत्नोजी धोंडूच्या घरावरून आला होता. दार लोटलेलं होतं आणि आतून तापात बरळणारा आवाज येत होता, "बुधवार... माझा बुधवार..." रत्नोजी तिथे क्षणभर थांबला होता, आणि मग भरभर पुढे निघाला होता.

चिमाई उठली. तिने अंगणातला रिकामा पाट उलटा करून ठेवला. कुंकवाचा करंडा घेतला आणि रत्नोजीच्या कपाळाला बोट टेकवत म्हणाली, "निकाल लागला. हाच आमचा खरा धोंडू. आता दुसऱ्याला दारात कुणी उभं करायचं नाही."

वाडीभर आनंद झाला. बायका भरल्या हातांनी एकदम वाकल्या. रत्नोजीने एवढं गप्प बसायचं होतं, की झालं. सगळं त्याचं होतं. पाट, ताक, हाक, वार. गप्प बसायचं, एवढंच.

पण ते कुसळ! ते असं सललं, असं सललं, की तो ताडकन उठला आणि ओरडला, "धोंडू नाही! धोंडू नाही मी! इतके बुधवार इथे कोण आलं? मी आलो! पुरातून मी आलो! मी रत्नोजी आहे, रत्नोजी!"

उसनं तोंड खऱ्या नावाचा आवाज सोसत नाही. ते तडकलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेली आणि धोंडूचा चेहरा काचेच्या पापुद्र्यासारखा खळ्ळकन अंगणात पडला. आत रत्नोजी. घामेजलेला.

बायका दोन पावलं मागे सरल्या. मग येसा म्हणाली, "अगं बाई! गाणाऱ्या बांगड्यांचे शेठ!"

"तराफा तू सोडलास?" चिमाईने विचारलं.

"मीच सोडला."

"आणि धोंडू कुठे आहे?"

"तापाने पडलाय. पाहून आलो मी. तसाच पुढे आलो."

चिमाईने त्याला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या परवडल्या असत्या. तिने नुसता करंडा बंद केला. मग त्या अंगणातल्या बायकांनी एकेक करून रत्नोजीने भरलेल्या बांगड्या उतरवल्या, त्याच्यापुढे पाटावर ठेवल्या, आणि आपापल्या मनगटांना हळदीचा दोरा बांधला.

"धोंडूला सांग," चिमाई म्हणाली, "किती का बुधवार लागेनात, आम्ही थांबतो. आणि हा तापावरचा पाला उकळून त्याला दे. एवढं तरी करशील ना?"

"करीन," रत्नोजी म्हणाला.

आणि त्याने केलं. धोंडूच्या उशाशी बसून त्याने काढा उकळला, त्याला पाजला, आणि तराफ्याची गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली. धोंडू तापाच्या गुंगीत म्हणाला, "मेल्या, मला पोहायला लावलंस होय!" आणि काढा कडू लागला म्हणून तोंड वाकडं केलं.

मग बुधवार आला. रत्नोजी स्वतःच्या तोंडाने वाडीवर गेला. "धोंडूचा ताप उतरतोय," त्याने सांगितलं. "बरं झालं," बायका म्हणाल्या आणि आत गेल्या. त्याला पाट कुणी दिला नाही. तो अंगणाच्या कडेला दगडावर बसला. संध्याकाळ झाली, उठला, गेला. पुढच्या बुधवारी पुन्हा आला, पुन्हा बसला. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही बुधवारी तसंच. पोरं लांबून म्हणत, "दगडावरचा कासार, दगडावरचा कासार!"

मग धोंडू बरा झाला, तराफ्यावर बसून हळूहळू वाडीवर आला. काय हाका, काय धावपळ! सगळे दोरे सुटले, सगळे हात भरले. आणि रत्नोजी दगडावर बसून बघत होता. पोटात दुखलं का त्याच्या? दुखलं, बाळांनो. चांगलं दुखलं. पण त्याला आता वाटेची सवय झाली होती. पुढच्या बुधवारी पोट दुखत असतानाच तो आला.

मग एके दिवशी वरच्या वाडीतून एक निरोप आला, की तिथे एक पोर अवघडलेली आहे, तिला खाली उतरवत नाही, आणि तिला हिरवा चुडा भरायचा आहे. चढण उभी. धोंडूचा गुडघा तापानंतर पार गेलेला. तो खाली मान घालून बसला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. दगडावर रत्नोजी बसलेला होताच. पण 'येतो' असं म्हणणं त्याला पूर्वी फार वेळा जमून गेलेलं होतं. आता जीभ रेटेना.

येसा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. त्याला खालून वर न्याहाळत म्हणाली, "काय हो, गाणारे शेठ. ती पोर माझी भाची आहे. बुधवारी चुडा भरायला येतो असं तिला सांगू का? सांगितलं, की ती दोरा बांधून बसेल, बरं का. मग सेनापती येवो की राणी येवो."

रत्नोजी दगडावरून उठून उभा राहिला. "सांगा," तो म्हणाला.

"कुणाचं नाव सांगू?"

"रत्नोजीचं."

मग बुधवारी तो ती उभी चढण चढला. सूर्य माथ्यावरून कलत होता. वरच्या वाडीच्या दारात एक अवघडलेली पोर बसली होती, मनगटाला पिवळाजर्द दोरा, आणि नजर वाटेकडे. धोंडूच्या वाटेकडे नव्हे. रत्नोजीच्या. त्याने माळ खांद्यावरून उतरवली, आणि तिच्यातून हिरवा चुडा निवडून काढला.

"हात पुढे कर, बाळ," तो म्हणाला. आणि पोरीने हात त्याच्या हातात दिला.

मग त्या पोरीला सुखरूप मुलगी झाली. धोंडू खालच्या वाड्या करी, रत्नोजी वरच्या. उतरताना दोघे तराफ्यावर भेटत आणि ताक कुणाला जास्त मिळालं यावरून भांडत नदी ओलांडत. डोंगरातल्या लेकीबाळींची मनगटं भरलेली राहिली, आणि ज्याला जिथे पोचायचं तो तिथे पोचला. आता तुम्हीही झोपेच्या गावाला पोचा. डोळे मिटा, कूस वळा. दिवा मी मालवते.